मोडलं तरी चालेल

५ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

(हे तुमच्यासाठी. ईमेललासुद्धा मायना लागतो, नाहीतर तुम्ही उत्तर देत नाही.)

भांडायला लिहितेय, आधीच सांगते.

काल एका अळंबीवाल्याचं पत्र आलं. ओळख ना पाळख. अंधाऱ्या खोल्यांमध्ये अळंबी पिकवतो. खोलीतली हवा कोरडी पडली की फवारे सुरू करायचं काम माझ्या 'ओल'कडे, म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रामकडे. बिचाऱ्याचं बरं चाललं होतं. मग त्याला नव्या 'ओल'मधला आलेख हवासा वाटला आणि त्याने ती थेट माझ्याकडून उतरवून घेतली. पण त्याच्या मशीनवर आधीच एक 'ओल' बसलेली होती, तुमच्या कोठीतली. तुम्ही आणि तुमच्यासारखी हौशी मंडळी जगभरचे प्रोग्राम तपासून, एकमेकांशी जुळवून ज्या कोठीतून लोकांना वाटता, तिथली. नवीने आपल्यासोबत तयार कोडची जी नवी लायब्ररी आणली, ती मशीनच्या स्वतःच्याच अवजारांना चालेना. पडदा काळा, फवारे बंद, पीक वाळून कोळ. आणि शिव्या कुणाला? मला!

तुमच्या कोठीतली 'ओल' दोन वर्षांपूर्वीची आहे, बाबा. मी कधीच्या सुधारलेल्या चुका लोक मला रोज नव्याने कळवतात. एवढंच करा, तिला कोठीतून काढून टाका. ज्याला हवी तो माझ्याकडून घेईल.

इकडे सगळं ठीक. तुमचे जावई दौऱ्यावर आहेत.

तुमची
घाईबाई


९ जानेवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

'भांडायला लिहितेय' हे वाचून बरं वाटलं. रविवारच्या फोनवर तू इतकी गोड बोलतेस की चुकीचा नंबर लागला की काय असं वाटतं.

आता मुद्द्याचं. मी सारी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. तिथे माल यायचा तो खिडकीतून, नोंद होऊन. एखादा फोरमन घाईघाईत बाहेरून बेअरिंग आणायचा, परस्पर बसवायचा आणि मशीन अडकलं की स्टोअरच्या नावाने बोंब मारायचा. कोठीतही तेच. इथली प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी जुळवून ठेवलेली असते. एक हलवली की दहा हलतात, म्हणून आम्ही हलवत नाही. जुनी म्हणजे शिळी नव्हे.

अळंबीवाल्याचं मला खरंच वाईट वाटलं. पण मशीनने त्याला अडवलं असणार. हल्ली बाहेरून थेट काही बसवायला गेलं की मशीन म्हणतं, 'ही जागा दुसऱ्याच्या देखरेखीखाली आहे, इथे हात घालू नका.' मग याने हात घातला कसा? उत्तर तुझ्याच माहितीच्या पानावर सापडलं. तू तिथे लिहिलंयस की अशी कटकट आली तर आज्ञेच्या शेवटी अमुक शब्द जोडा आणि पुढे चला. त्या शब्दांचा साध्या मराठीत अर्थ 'मोडलं तरी चालेल.' अगं बाई! लोकांच्या मशीनवर बसून 'मोडलं तरी चालेल' म्हणायला तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. तुझ्या आईने तर नाहीच नाही.

'ओल' कोठीतून निघणार नाही. नवी आवृत्ती तपासायला घेतली आहे. वेळ लागतोय, मलाही कामं असतात.

जावईबापू सारखे दौऱ्यावर! माणसाने बूट तरी किती झिजवावेत?

तुझे
बाबा


१० जानेवारी

बाबा,

मायना गेला खड्ड्यात.

ते वाक्य काढलं. चूक माझीच होती, चोराच्या उलट्या बोंबा झाल्या, मान्य. अळंबीवाल्यालाही तसं लिहिलं. त्याच्या मशीनवर नव्या 'ओल'साठी वेगळी खोली करून दिली. म्हणजे एक बंद कप्पा, तिचं सामान तिच्यापाशी आणि कोठीचं कोठीपाशी. आता कुणी कुणाच्या पायात येत नाही. पुढचं पीक धरलंय म्हणाला. भला माणूस आहे, त्याच्या जागी मी असते तर मला उभी जाळली असती.

पण म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. वेगळी खोली करणं सगळ्यांना जमत नाही. जोवर कोठीत जुनी 'ओल' आहे, तोवर कुणीतरी तिच्याच डोक्यावर नवी आणून ठेवणार. आणि तुम्हाला कसली हो एवढी कामं? सकाळी बाल्कनीत खुर्ची, दुपारी ऊन आलं की तीच खुर्ची आत. नवी आवृत्ती तपासायला तुम्हाला पूर्वी आठवडा पुरायचा. आता वर्ष झालं. हट्ट आहे हा, दुसरं काही नाही. माझं काम तुमच्या फळीवर झाकण लावून राहिलं की तुम्हाला बरं वाटतं, बाकी लोकांचं काय व्हायचं ते होवो.

रागाने लिहिलंय. पण खोडणार नाही.

घाई


१८ जानेवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

खोडलं नाहीस ते बरं केलंस.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, तेव्हा फार तिखट लिहिलं गेलं. ते टाकून दिलं. मग दुसरं लिहिलं ते फार मिळमिळीत झालं. हे तिसरं आहे.

हट्टी आहे मी, तुझी आई जाताना तुला सांगूनच गेलीय, तेव्हा त्यावर वाद नको. पण फळीवर झाकण लावून ठेवायला बरं वाटतं, हे तुझं चुकलं. मला बरं वाटतं ते झाकण उघडायला. तुझी नवी आवृत्ती आली की मी ती ओळ न् ओळ वाचतो. बाकीचे कोठीवाले वाचत नाहीत, ते चाचणी चालवतात आणि शिक्का मारतात. मी वाचतो. तुझा कोड वाचताना तू स्वयंपाकघरात एकटीच काहीतरी पुटपुटत असावीस आणि मी बाहेर पेपर घेऊन बसलेलो असावं, असं वाटतं. रविवारी फोनवर तू विचारतेस 'जेवलात का', मी म्हणतो 'जेवलो', मी विचारतो 'थंडी आहे का', तू म्हणतेस 'आहे', आणि आपण ठेवून देतो. पाहुण्यासारखं. भांडतेस तेव्हा मात्र घरची असतेस.

म्हणून एक विचारतो, राग मानू नकोस. आधी तू कोडच्या कडेने टिपणं लिहायचीस त्यात चेष्टा असायची. 'हा सेन्सर सासूसारखा आहे, उगाच ओरडतो' वगैरे. गेल्या वर्षापासून तशी एकही टीप नाही. नुसतं 'इथे नीट बघ', 'परत चुकू नकोस'. स्वतःलाच दटावत असतेस. काय झालंय?

नवी 'ओल' मी स्वतः कोठीत आणतो. या महिनाअखेर. शब्द देतो.

तुझे
बाबा


९ फेब्रुवारी

बाबा,

महिनाअखेर होऊन गेली. कोठीत काही हललेलं नाही. तीन ईमेल पाठवल्या, उत्तर नाही. रविवारी फोन उचललात, 'जेवलो' म्हणालात आणि मी पुढे काही बोलायच्या आत ठेवून दिलात. मागच्या रविवारीही तसंच.

टिपणांबद्दल विचारलंत, त्याला मी उत्तर दिलं नाही म्हणून रागावलात का? काही झालेलं नाही. कामाचा ताण असतो, चेष्टा सुचत नाही, बस. माणूस चाळिशीकडे झुकला की पोक्त होतो, तेवढंच.

नवी आवृत्ती जमत नसेल तर तसं सांगा. गप्प बसू नका. गप्प बसलेलं मला आवडत नाही.

घाई


१४ फेब्रुवारी
(टपालाने)

चि. घाईबाईस,
आशीर्वाद.

मशीन बंद पडलं आहे. म्हणून टपालाने.

तुझी नवी 'ओल' आणि कोठीतली जुनी शेजारी शेजारी चालवून बघावी म्हणून नवी थेट उतरवली. मशीनने इशारा दिला. मी वाचला नाही. तेच शब्द जोडले. मोडलं तरी चालेल.

मोडलं.

पडद्यावर आता काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं येतात, बाकी काही नाही. लोकांना इतकी वर्षं ज्याबद्दल दटावलं, तेच मी केलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कोठीतल्या कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

दुरुस्तीवाल्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकू. मी नको म्हटलं. त्यात तुझ्या पहिल्यापासूनच्या सगळ्या आवृत्त्या आहेत.

बाबा


२५ फेब्रुवारी

बाबा,

पाकीट मिळालं. एवढं जाड की मला वाटलं तुम्ही पोथी पाठवलीत. उघडून बघते तर एका पानावर चार ओळी, जाड पेनाने, हातभर अक्षरं! ओरडायचंच होतं तर फोनवर ओरडायचं होतं. आम्हा संगणकवाल्यांत मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे खेकसणं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मीच शिकवलंय. माझ्यावर कशाला खेकसता? ते शब्द माझ्या पानावरून मी काढले होते. तुम्ही ते आपल्या मनाने घातलेत.

आणि तुम्हाला हे दुरुस्त करता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं म्हणजे मशीन मेलेलं नाही, नुसतं रुसलंय. बाहेरून आलेली 'ओल' आणि तिची लायब्ररी उचलून बाहेर टाकायची, कोठीचा माल होता तिथे आहेच. दोन ओळींचं काम. दुसऱ्या कुणाचं असतं तर तुम्ही झोपेत करून दिलं असतं. त्या दोन ओळी सोबतच्या कागदावर छापल्या आहेत. पडद्यावर काय येतं ते वाचा आणि मला कळवा.

मात्र आता तरी ऐका. तुमच्यासारखा माणूस यात पडतो, तर अळंबीवाल्याचं काय घेऊन बसलात? काढा तिला कोठीतून. किती दिवस ओढायचं हे? मी थकले, बाबा.

घाई


८ मार्च
(टपालाने)

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

तू जिंकलीस. कोठीतल्या मुख्य माणसाला काल फोन केला. 'ओल' कोठीतून निघाली.

आमच्या रिवाजात दोन वाटा असतात. सांभाळणाऱ्याला झेपेनासं झालं की तो त्या वस्तूवर 'अनाथ' अशी चिठ्ठी लावतो, मग दुसरा कुणी तिला दत्तक घेतो. नाहीतर वस्तू सरळ काढून टाकायची. मुख्य माणूस म्हणाला, चिठ्ठी लावा, चांगली वस्तू आहे, कुणीतरी घेईल. मी म्हटलं, नको, काढून टाका. तुझ्या कामावर ती चिठ्ठी लावायला माझा हात धजला नाही.

आता खरं सांगतो. मी खेकसलो नव्हतो गं. मला एवढीच अक्षरं दिसतात.

दीड वर्ष होत आलं. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं सगळं दिसतं, खिडकी दिसते, खुर्ची दिसते. पण ज्या अक्षराकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणतात वाढणं थांबवू शकतो, गेलेलं परत येणार नाही. मशीनवर मी सगळं मोठं करून घ्यायचो, एका वेळी एक शब्द. म्हणून आठवड्याच्या कामाला वर्ष लागत होतं. शेवटी शेवटी तर तुझी एक ओळ वाचून पुढच्या ओळीवर जाईपर्यंत मागची विसरायला व्हायचं. त्या दिवशी मशीनने काय इशारा दिला ते मला दिसलंच नाही. असेल नेहमीचीच कटकट, असं समजून ते शब्द जोडून मोकळा झालो. आणि नंतरची ती बारीक पांढरी अक्षरं मशीन मोठीही करून देत नाही, भिंगाखाली नुसते ठिपके... तू म्हणतेस वाचा. कुठून वाचू?

फोनवर हे सांगायला तोंड उघडायचो, आणि मग वाटायचं, पोरीला कळलं की ती मला उचलून तिकडे नेईल, किंवा तिकडचं सगळं सोडून इकडे येईल. दोन्ही नको होतं. म्हणून 'जेवलो' म्हणून ठेवून द्यायचो.

'ओल' गेली याचं वाईट वाटतं का विचारशील तर वाटतं. फार वाटतं. सकाळी उठून काय करावं कळत नाही. पण तुझं म्हणणं बरोबर होतं. न वाचता शिक्का मारणारा कोठीवाला मला व्हायचं नव्हतं.

तुझे
बाबा


८ मार्च

बाबा,

तुमच्या पत्राची वाट बघून बघून मीच लिहायला बसले. हातानेच लिहितेय, तुमचं मशीन चालू झालंय की नाही कोण जाणे.

मागचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पस्तावतेय. तुम्ही ते बाजूला ठेवा. 'ओल' कोठीतून काढू नका. ऐकलंत का? काढू नका! जुनी असू दे, दोन वर्षं मागे असू दे, लोक मला शिव्या घालू देत. मी माहितीच्या पानावर सगळ्यात वर लिहिलंय की नवी हवी असेल तर आधी वेगळी खोली करा. माझं भांडण मी मागे घेते.

कारण सांगते. गेला महिनाभर तुमची एकही तक्रार आली नाही. पूर्वी कसं, आवृत्ती बाहेर पडली की तुमचा निरोप यायचा, 'एकशे बाराव्या ओळीत आळस केला आहेस.' डोकं फिरायचं माझं. आता कामावरून परत येते, मशीन उघडते, आणि कुणीही काही म्हटलेलं नसतं. 'ओल' हजारो लोक वापरतात, बाबा. वाचणारे तुम्ही एकटे आहात, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

टिपणांचं तुम्ही ओळखलंत आणि मी तुम्हाला चाळिशीचं कारण दिलं. खोटं बोलले. तुमचे जावई दौऱ्यावर नाहीत. वर्षापूर्वी गेले ते गेले. भांडण नाही, तंटा नाही. एके दिवशी म्हणाले की आपण दोघं एकमेकांना नुसतं चालवून घेतोय, आणि बॅग भरली. खरं तर ते चूक बोलत नव्हते, म्हणून मला ओरडताही आलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ये इकडे. आले असते तर मग परत जाणं झालं नसतं. इथलं काम मला सोडायचं नाही. म्हणून दौरा, दौरा.

घर मोठं नाही, तरी पुरून उरतं. चहा अजून दोन कपांच्या अंदाजाने ठेवला जातो, आणि उरलेला मी उभ्या उभ्या ओतून देते. एवढंच सांगायचं होतं. कोठीतली राहू दे. मला कुणीतरी चुका काढणारं हवंय.

घाई


२० मार्च
(टपालाने)

चि. घाईबाईस,
अनेक अनेक आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या अंगावरून गेली. आता तुझ्याही हातात माझं असेल. तुझं मी भिंगाने वाचलं, दोन दिवस लागले. 'काढू नका' पर्यंत आलो आणि भिंग खाली ठेवलं. मग पुढचं दुसऱ्या दिवशी.

निघालेली वस्तू परत आणता येते, मुख्य माणूस तसा भला आहे. पण आणायची कुणासाठी? मला वाचता येणार नाही, आणि दुसरा कुणी वाचणार नाही. तेव्हा राहू दे. ते आता झालं.

जावयांचं वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. तू दौरा म्हणायचीस आणि मी इकडून बुटांच्या चेष्टा करायचो. वर्षभर तू एकटी, मी एकटा, आणि दर रविवारी एकमेकांना विचारतोय जेवलात का! शहाणी माणसं आपण. हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं.

तुला इकडे ये म्हणणार नाही. तूही मला तिकडे या म्हणू नकोस. हे घर मला न बघता येतं, भिंती पाठ आहेत, तिकडचं मला या वयात पाठ होणार नाही. तू तुझं काम सोडू नकोस. ते चांगलं आहे. मी वाचलंय, माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

पण मला फार एकटं वाटतं गं, बाळ. हे एकदा लिहायचं होतं, लिहिलं.

एक कर. रविवारी फोन करशील तेव्हा 'जेवलात का' झालं की ठेवू नकोस. बोलायला काही सुचायला हवं असं नाही. फोन टेबलावर ठेव आणि तुझं लिहीत बस. मी इकडे ऐकत बसेन. तू भराभर टाइप करतेस, मध्येच थांबतेस, मग काहीतरी खोडतेस, एवढं मला आवाजावरून कळेल. फार वेळ थांबलीस की मी विचारीन, कुठे अडलीस?

तुझे
बाबा